उजवे आसन

वैमानिक हवा असल्याची जाहिरात ज्याने कधी वाचली असेल त्याच्या लक्षात आले असेल की तीत विशेषण नसते. किंग एअर बी-२०० या विमानाचा अनुभव, एकूण तास इतके, कमांडचे तास इतके, रात्रीचे इतके, इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू, प्रथम वर्ग वैद्यकीय प्रमाणपत्र वैध, रेडिओ टेलिफोनीचा परवाना. बस्स. मेहनती, मनमिळाऊ, होतकरू असले शब्द शिक्षकाच्या किंवा विक्रेत्याच्या जाहिरातीत आढळतात. इथे त्यांची कुणालाच गरज वाटत नाही. माणसाचे वर्णन आकड्यांत उरकलेले असते आणि ते पुरेसे आहे यावर नोकरी देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा, दोघांचाही विश्वास असतो. साहित्याच्या वाचकांपुढे या आकड्यांविषयी बोलावेसे वाटते ते एवढ्यासाठी, की ज्या वहीतून ते येतात ती लॉगबुक नावाची वही आमच्या मते आत्मचरित्राचाच एक प्रकार आहे. आणि इतर आत्मचरित्रांप्रमाणे तीही बरेच काही गाळते.

ही वही आडवी उघडते. तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारे नोंदणीचिन्ह, कोठून, कोठे, आणि मग तासांचे रकाने: प्रमुख वैमानिक म्हणून, सहवैमानिक म्हणून, दिवसा, रात्री. एक रकाना ढगात घालवलेल्या वेळेचा. बाहेर काहीही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे काढलेली मिनिटे त्यात स्वतंत्र लिहावी लागतात. न दिसण्याचा असा चोख हिशेब ठेवणारे दुसरे आत्मचरित्र आम्हांला ठाऊक नाही. सर्वांत शेवटी शेऱ्याचा रकाना, बोटभर रुंदीचा. त्यात बहुधा काहीच लिहिलेले नसते. अलीकडे या नोंदी संगणकावर चढवाव्या लागतात, पण रकाने तेच राहिले आहेत आणि शेऱ्याची जागा काही वाढलेली नाही.

एक खुलासा आधीच करायला हवा. या लेखात 'मी' येणार नाही. जुन्या मराठी संपादकांचे भारदस्त 'आम्ही' आम्हांला मिरवायचे नाही. आयुष्यातली चौदा वर्षे दोन आसनांच्या खोलीत गेल्यामुळे उड्डाणाविषयी लिहू लागले की एकवचन लेखणीतून नीट उतरत नाही, इतकेच. त्यांतली पहिली साडेतीन वर्षे आम्ही उजव्या आसनावर होतो, म्हणजे सहवैमानिक; उरलेली डाव्या. या लेखाचा विषय उजवे आसन हाच आहे. पण तिथे पोहोचायच्या आधी परवान्यांची थोडी वाट तुडवावी लागेल.

भारतात १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळालेल्या परवान्यावर एक हा क्रमांक होता. त्यानंतर क्रमांक पुष्कळ वाढले आणि नियमांची जाडीही. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतले १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन. ३०० सागरी मैलांचा एक प्रवास, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून, करून दाखवावा लागतो. दिशाशास्त्र, हवामान, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांचे पेपर असतात. एवढे झाल्यावर हाती येणारा परवाना प्रत्यक्षात फार थोड्या गोष्टींना परवानगी देतो. दोन इंजिनांच्या विमानासाठी वेगळे रेटिंग, ढगातून जाण्यासाठी वेगळे, आणि मग त्या त्या विमानाचे नाव परवान्यावर चढवून घ्यायचे. इतके करून दर सहा महिन्यांनी कोणीतरी परीक्षक शेजारी बसतो आणि तुम्ही अजून तेच आहात का ते पाहतो. प्राध्यापकांना दर सहा महिन्यांनी असे तपासले तर काय होईल, हा विचार मनात येऊन आम्हांला कधीकधी हसू येते. असो.

दोन इंजिनांचे रेटिंग म्हटल्यावर लोकांना वाटते की दोन इंजिने म्हणजे दुप्पट निर्धास्तपणा. विमान जमिनीपासून पुरेसे उंच असेल तर ते बव्हंशी खरेही आहे. पण या रेटिंगचा सारा अभ्यास एका विपरीत गोष्टीभोवती फिरतो. विमान नुकतेच जमीन सोडून वर येत असताना एक इंजिन बंद पडले, तर दुसरे पूर्ण ताकदीने ओढत असते आणि त्या ओढीने विमानाचे नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळू लागते. ते सरळ ठेवायला विरुद्ध बाजूचे पायपट्टे दाबून धरावे लागते. कोणते इंजिन बंद पडले ते त्या क्षणी काट्यांवरून वाचत बसायचे नसते. जो पाय रिकामा आहे, ज्यावर जोर नाही, त्या बाजूचे इंजिन गेलेले असते. 'डेड लेग, डेड इंजिन' असे विद्यार्थ्यांकडून घोकून घेतात. म्हणजे बातमी शरीराला आधी कळते आणि बुद्धीने ती मागाहून तपासायची असते: ज्याचा संशय त्या इंजिनाचा दांडा मागे ओढून पाहायचा, काहीच फरक पडला नाही तर संशय खरा. मग त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला धारेवर वळवायची, नाहीतर ती थाळीसारखी आडवी येऊन विमानाला धरून ठेवतात.

बी-२००च्या वेगमापकावर ८६ नॉटजवळ एक लाल रेघ आहे आणि १२१ला निळी. एका इंजिनावर वर चढायचे तर निळी रेघ धरायची. वेग लाल रेघेखाली गेला तर सुकाणूची ताकद अपुरी पडते आणि मग जे इंजिन धडधाकट आहे तेच विमानाला उलथे पाडते. तेव्हा बंद इंजिनाहून चालू इंजिन अधिक भयंकर असते, आणि वेळप्रसंगी त्याचाही जोर कमी करून नाक खाली घालावे लागते. जमीन जवळ असताना जमिनीकडे नाक वळवणे हे मनाविरुद्धचे काम आहे. ते शिकवण्यासाठीच एवढा खटाटोप.

हे विमान अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावचे. पहिले किंग एअर १९६४ साली उडाले, तेव्हा बीचक्राफ्ट कंपनीची सूत्रे ऑलिव्ह ॲन बीच या बाईंच्या हाती होती. नवरा १९५०मध्ये वारल्यावर त्यांनी ती हाती घेतली होती. उंच टी आकाराच्या शेपटीचे २०० हे भावंड १९७२मध्ये उडाले. त्याची इंजिने कॅनडातली, पीटी-६ जातीची, प्रत्येकी ८५० अश्वशक्तीची, आणि चमत्कारिक अशी की हवा मागच्या अंगाने आत घेतात व धूर पुढच्या बाजूने सोडतात. त्यामुळे प्रत्येक उड्डाणानंतर इंजिनाच्या पांढऱ्या अंगावर काजळीचा पट्टा उमटतो आणि तो पुसायला हातात फडके घेतलेला मनुष्य लागतो. आत दोन चक्रे असतात, त्यांना जोडणारा दांडा नसतो. एक चक्र हवा दाबते, जाळते आणि तिचा झोत दुसऱ्यावर सोडते. दुसरे त्या झोताने फिरते आणि पंखा फिरवते. दोघांत फक्त गरम वारा. ही रचना प्रथम समजली तेव्हा आम्हांला उगाचच फार आनंद झाला होता.

विमानाचे कमाल वजन १२,५०० पौंड, म्हणजे ५,६७० किलो. ही सीमा महत्त्वाची आहे. मोठ्या प्रवासी विमानांना प्रमाणपत्र देतानाच त्यांच्यात दोन वैमानिक असणार हे गृहीत धरतात. किंग एअर मात्र एका वैमानिकाने चालवावे अशाच हिशेबाने प्रमाणित झालेले आहे. पुढे दोन आसने आहेत, दोन सुकाणू आहेत, पण कायद्याच्या दृष्टीने यंत्राला दुसऱ्या माणसाची गरज नाही. भारतात उद्योगपतींना आणि मंत्र्यांना घेऊन जाताना मात्र दोघे बसवतात. आता आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांत परवान्यांविषयीचे जे परिशिष्ट आहे, त्यात अशा दुसऱ्या माणसासाठी एक कलम आहे. विमान एका वैमानिकासाठी प्रमाणित असेल आणि देशाच्या नियमामुळे त्यात सहवैमानिक बसवला असेल, तर वरच्या दर्जाच्या परवान्यासाठी त्याचे तास मोजताना निम्म्याहून अधिक धरू नयेत. (दोघांनी मिळून चालवण्याची पद्धत रीतसर अमलात असेल तर पूर्ण तास धरण्याची मोकळीक देशांना पुढे देण्यात आली, पण मूळ दंडक निम्म्याचाच.) हजार तास उजव्या आसनावर बसलात तर पाचशे तास बसलात.

हे कलम लबाडी रोखण्यासाठी आहे हे आम्हांला मान्य आहे. नुसते बसून राहणारे सहवैमानिक आम्ही पाहिले आहेत. त्यांना हौशी प्रवाशांपेक्षा वेगळे म्हणता येणार नाही. तरीही 'निम्मा' हा आकडा वाचला की थबकायला होते. कोणता निम्मा?

उड्डाणाच्या साहित्यात हा निम्मा माणूस जवळजवळ नाहीच. चार्ल्स लिंडबर्ग २० व २१ मे १९२७ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत एकटा गेला. अनेक इंजिने व अनेक माणसे घेऊन जाण्याचा बेत इतरांचा होता. त्याने एक इंजिन आणि एक माणूस हे मुद्दाम निवडले. आणि त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या पुस्तकाचे नाव काय, तर 'वुई'. आम्ही! जगाने त्याचा अर्थ लावला की हा आपल्या विमानालाही माणूस समजतो. लिंडबर्ग पुढे सांगत राहिला की आपल्याला पैसे पुरवणारे सेंट लुईसचे लोक अभिप्रेत होते. अर्थ कोणताही घ्या, त्या 'आम्ही'त शेजारच्या आसनावरचा माणूस नाही, कारण ते आसनच नव्हते. सेंत-एक्झ्युपेरीच्या १९३१ सालच्या 'रात्रीचे उड्डाण' या कादंबरीत तो आहे: वादळात सापडलेल्या फाबियँच्या मागे बसून बिनतारी यंत्र सांभाळणारा. चिठ्ठ्या लिहून तो पुढे सरकवत राहतो. वैमानिकाबरोबर तोही परत येत नाही. फाबियँची बायको, तिचे वाट पाहणे, अधिकाऱ्याशी तिची गाठ, हे सारे वाचकाच्या लक्षात राहते. मागच्या माणसाला कादंबरीने नावही दिलेले नाही. आपल्याकडे तर विमान म्हटले की डोळ्यांपुढे येते ते तुकोबांना न्यायला आलेले. १९३६च्या 'संत तुकाराम' चित्रपटात ते गरुडाच्या रूपात उतरते. तिथे परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

विमानातल्या कक्षात सर्वनामांची वागणूकही पाहण्यासारखी आहे. भाषा इंग्रजीच असते, पण पार सोललेली. 'गिअर अप', 'फ्लॅप्स अप', 'पॉझिटिव्ह रेट': यांना कर्ताच नाही. कर्ता एकाच ठिकाणी सक्तीचा आहे, सुकाणू एकाकडून दुसऱ्याकडे देताना. 'आय हॅव कंट्रोल', 'यू हॅव कंट्रोल'. मी आणि तू. विमान कुणाच्या हाती आहे याविषयी संशय राहू नये म्हणून भाषेतली ही दोन सर्वनामे इथे राखून ठेवली आहेत. 'वुई' मात्र प्रमाणित शब्दावलीत जवळपास कुठेच नाही, आणि त्यामागे पुरेसे कारण आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन ७४७ विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली. धावत सुटलेल्या डच विमानाच्या सहवैमानिकाने रेडिओवर जे सांगितले ते 'वुई'ने सुरू होत होते आणि त्याचा भावार्थ असा, की आम्ही आता उड्डाणाशी आहोत. नियंत्रकाला वाटले, जागेवर तयार उभे आहेत. सुटलो की उभे आहोत? त्या वाक्यातून कळत नव्हते. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले, दुसरे विमान पट्टीवरून गेलेले नाही का? कॅप्टनने ठासून सांगितले की गेले. कॅप्टन कंपनीतले ज्येष्ठ आणि नावाजलेले होते. पुन्हा कोणी विचारले नाही. तेव्हापासून उड्डाणाची परवानगी देताना किंवा काढून घेताना सोडून 'टेक-ऑफ' हा शब्द रेडिओवर उच्चारायचा नाही असा दंडक पडला. आणि कनिष्ठाने वरिष्ठाला टोकावे कसे, याचे शिक्षण देणारी एक नवी विद्याशाखाच त्यानंतरच्या वर्षांत उभी राहिली.

भारतात ते शिक्षण एका निराळ्या व्याकरणाशी झगडते. आमच्या उजव्या आसनाच्या काळात डावीकडचे गृहस्थ बहुधा हवाई दलातून निवृत्त झालेले असत आणि त्यांना 'सर' म्हटल्यावाचून वाक्य सुरू होत नसे. दोघेही मराठी असले की चहाच्या वेळी मराठी चाले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत; ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे बहुवचन आणि त्याला आत घेणारे. हवामान चांगले असले की आमचे एक कॅप्टन 'आपण' म्हणत: आपण थोडे डावीकडून जाऊ. ढग आले की त्यांची वाक्ये 'मी'वर येत. वाईट हवामानातही 'आपण' टिकवून धरणारा एकच कॅप्टन आम्हांला भेटला आणि पुढे डाव्या आसनावर गेल्यावर आम्ही जे काही करायचा प्रयत्न केला ते त्यांचे पाहून.

लहान टर्बोप्रॉपवरचे हे सारे मोठ्या कंपन्यांच्या विमानांहून अधिक नाजूक असते, कारण प्रवासी फार जवळ असतो. मोठ्या विमानात बंद दार, त्यामागे दीडशे अनोळखी माणसे, आणि निर्णयाला आधार द्यायला जमिनीवर एक अख्खे खाते. इथे मध्ये पडदा नाहीतर सरकते दार, आणि त्यापलीकडे हातभर अंतरावर तो मनुष्य ज्याच्या पैशांनी पगार होतो. हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक मिळवणे, पलीकडच्या विमानतळाच्या वेळा फोन करून विचारणे, इंधनाची गाडी बोलावणे, बॅगा वजन पाहून मागे लावणे, थर्मासमधला चहा गरम आहे का ते बघणे ही सगळी वैमानिकांचीच कामे. जिल्ह्याच्या कित्येक पट्ट्या सूर्यास्तानंतर निरुपयोगी. सभा लांबते, सत्कार लांबतो, पुढारी येतो आणि घड्याळाकडे न पाहता विचारतो, 'चला, निघायचं?' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर देता येणे ही कोणत्याच जाहिरातीत न लिहिलेली पात्रता आहे.

३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे आणि इतर सात जण दिल्लीहून कानपूरच्या सभेला जात असताना मैनपुरीजवळ गेले. विमान किंग एअर सी-९० होते. २२ डिसेंबर २०१५ रोजी सीमा सुरक्षा दलाचे बी-२०० दिल्लीहून रांचीला निघाले आणि काही मिनिटांत द्वारकेजवळ कोसळले, दहा जण गेले. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले सी-९० घाटकोपरच्या वस्तीत पडले. आतले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी. या तिन्हींची कारणे एकत्र बांधण्याचा मोह टाळला पाहिजे. आम्ही ती नावे घेतो ती एवढ्यासाठी, की या विमानांवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती तारखांसकट असतात, आणि पडद्यापलीकडून आवाज आला की आठवतात.

आमच्या वाट्याला आलेला सर्वांत कठीण आवाज मात्र पुढाऱ्याचा नव्हता. जुलै महिना होता. घाटापलीकडच्या एका जिल्ह्यातले एक कारखानदार मुंबईत होते आणि पहाटे गावी त्यांच्या आई वारल्या होत्या. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघेच प्रवासी. पायऱ्यांपाशी ते आम्हांला म्हणाले, 'कॅप्टन, आई आहे. बघा.' मराठीतल्या या 'बघा'ला कोणत्या परिशिष्टात बसवायचे? ती विनंती असते, आज्ञा असते आणि तुमच्यावर टाकलेला भारही. आम्ही त्यांना तिथेच सांगितले की पट्टी दिसली तर उतरू, नाही दिसली तर पुण्याला जाऊ, तेव्हा पुण्यात एक गाडी उभी करायला सांगा. त्यांनी मान हलवली. फोन भावाने केला.

उजव्या आसनावर चोवीस वर्षांची एक मुलगी होती. परवाना मिळून दोन वर्षे झाली होती. बोलायला अबोल, हिशेबात पक्की. घाट ओलांडला तेव्हा खाली फक्त कापूस. ठरलेली वाटणी अशी होती की विमान आम्ही हाताळायचे आणि नजर उपकरणांवरून हलवायची नाही. बाहेर पाहायचे काम तिचे. पट्टी दिसली तर तिने सांगायचे, मगच आम्ही डोळे वर करायचे. ही वाटणी शहाणपणाची आहे, कारण पाऊस झोडपत असताना एकाच माणसाचे डोळे आत-बाहेर करू लागले की दोन्हीकडचे खोटे दिसू लागते.

किमान उंचीवर आलो, विमान समतल केले. त्याखाली पट्टी दिसल्यावाचून एक फूटही उतरायचे नाही. काच पावसाने पांढरी झालेली. ढगांच्या चिंध्या. सेकंद मोजत होतो. मागे पडदा सरकल्याचा आवाज आला, म्हणजे कोणीतरी पुढे वाकून पाहत होते. आणि भाऊ म्हणाले, 'ती काय, दिसतेय की!'

ती म्हणाली, 'सर, नको.'

आम्ही दोन्ही दांडे पुढे ढकलले आणि नाक वर घेतले. 'गो अराउंड, फ्लॅप्स.' 'पॉझिटिव्ह रेट.' 'गिअर अप.' तिचा आवाज पुन्हा शिकवल्याबरहुकूम इंग्रजीत आला, आणि तो जरासा कापत होता. परत एकदा प्रयत्न करावा का, असे मागून कुणी विचारले नाही. पुण्याला उतरलो. थोरले भाऊ उतरताना नमस्कार करून गेले. धाकटे म्हणाले, 'मग एवढे पैसे कशाला मोजायचे?' त्या क्षणी त्या वाक्याला उत्तर नव्हते आणि ते देण्याची ती वेळही नव्हती. पावसात रस्त्याने त्यांना पाच तास लागले. वाट पाहून पाहून अखेर चुलत भावाने अग्नी दिला होता.

संध्याकाळी चहा पिताना आम्ही तिला विचारले, काय दिसले होते? ती म्हणाली, 'पट्टीसारखंच दिसलं सर. काळं, ओलं, लांब. पण कडेला बाभळी होत्या.'

तो राज्य महामार्ग होता. विमानतळाच्या अलीकडून तो पट्टीला जवळजवळ समांतर जातो. धावपट्टीच्या कडेला बाभळी नसतात.

'मग "नो कॉन्टॅक्ट" का नाही म्हणालीस?'

'कारण काहीतरी दिसत होतं. आणि "गो अराउंड" आठवलाच नाही. जो आला तो शब्द बोलले.'

परीक्षकाने या शब्दासाठी तिचे गुण कापले असते आणि नियमाने ते बरोबरही झाले असते. पंजाबी किंवा तमिळ कॅप्टनला तो शब्द कळला नसता. पण आमच्या मनात तो बरेच दिवस राहिला. 'नाही' म्हटले असते तर ते विधान झाले असते, खरेखोटे तपासता येणारे. आणि पडद्यातल्या माणसाचे 'दिसतेय की' त्याच्यासमोर उभे राहिले असते. दिसतेय, नाही दिसत, असा वाद त्या उंचीवर चार सेकंदही परवडत नाही. 'नको'ला कर्ता लागत नाही. मला नको, तुम्ही नका, आपल्याला नको, यांतले काय ते त्यात सांगितलेले नसते. आणि कुणाचे खोडूनही काढलेले नसते. पहाटे आई गेलेल्या माणसाच्या पुढ्यात बसून, 'सर' म्हणण्याची सवय असलेल्या तोंडातून, याहून लहान आणि याहून पुरा शब्द निघाला असता असे आम्हांला वाटत नाही. आमच्या डोळ्यांना त्या वेळी फक्त उंचीमापक दिसत होता. बाभळी तिने पाहिल्या.

लॉगबुकात त्या दिवसाची ओळ आहे: मुंबई ते पुणे, एक तास दहा मिनिटे. ढगातली वेळ पंचावन्न मिनिटे. शेऱ्याचा रकाना कोरा.

त्यानंतर दीड वर्षाने तिने मोठ्या परवान्यासाठी तासांची बेरीज मांडायला घेतली. १,५०० तास भरायचे होते. वही आमच्या टेबलावर उघडी ठेवून ती पेन्सिलीने उजव्या आसनाचे तास निम्मे करत चालली होती, पानामागून पान, कडेला बारीक अक्षरांत. त्या ओळीपाशी आली तेव्हा थांबली नाही. एक तास दहा मिनिटांच्या पुढे तिने पस्तीस मिनिटे लिहिले आणि पान उलटले. शेवटच्या पानावर प्रमुख वैमानिकाची सही लागते. ती आम्ही केली.